कितव्या घासाला पोट भरतं

आमच्या दवाखान्याच्या पाटीवर नाव माझं आहे, पण पेशंट येतात ते योन-सिमबाईंकडे. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मान्य करायला तीन वर्षं लागली. प्यो योन-सिम, वय एकसष्ट, केस कुरळे करून घेतलेले, अंगात बारा महिने जांभळं कापूस भरलेलं जाकीट. एकोणिसाव्या वर्षी त्या इथे नर्स म्हणून लागल्या. आधीचे म्हातारे डॉक्टर गेले, मी आले. खुर्ची बदलली, पंखा बदलला, बाई तशाच राहिल्या. मी औषध लिहून दिलं की पेशंट चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे जातो आणि हळूच विचारतो, "घेऊ ना?" त्या मान हलवतात, मग तो औषधाच्या दुकानात जातो. माझा अपमान वगैरे होतो तो माझ्यापाशी.

आमच्या खोऱ्यात पोटाच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव आहे. अडकलं. जेवण जड झालं तरी अडकलं, गॅस झाला तरी अडकलं, सासूने टोमणा मारला आणि त्यानंतर भात खाल्ला तरी अडकलं. मी जोंजूच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकून आले तेव्हा माझ्या बॅगेत एक छापील प्रश्नावली होती. जेवणानंतर पोट भरून आल्यासारखं वाटतं का, आठवड्यातून किती दिवस, थोडं खाल्लं तरी भूक मरते का, दुखणं बरगड्यांच्या मध्ये आहे की खाली, शौचाला जाऊन आल्यावर बरं वाटतं का. असे सदतीस प्रश्न. मला त्या कागदाचा फार अभिमान होता. योन-सिमबाईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, हे लोक पोट दाखवायला आलेत का जबानी द्यायला?"

मला राग आला, पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ज्या पोटदुखीत दुर्बीण घातली की आत सगळं गुलाबी आणि स्वच्छ, रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली, आणि तरी माणूस जेवल्यावर दगड गिळल्यासारखा बसतो, तिचा फोटो निघत नाही. आतले अवयव धडधाकट असतात, फक्त कामाची चाल बिघडलेली असते. ती कळायला माणसाने तोंड उघडावं लागतं, आणि आमची माणसं डॉक्टरसमोर एकच गोष्ट बोलतात: ठीक आहे. दुखतं का? थोडंसं, ठीक आहे. झोप? ठीक आहे. मग आलात कशाला? बायकोने पाठवलं.

'ठीक आहे' या शब्दावर योन-सिमबाईंचा दातओठ खाण्याइतका राग आहे. त्यांची आई वर्षभर ठीक होती. पट्ट्याची गाठ चार बोटं आत सरकली तरी ठीक, काळं शौचाला झालं तरी ठीक. कोणी नीट विचारलंच नाही, आणि विचारलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून दवाखान्यात पोट धरून कोणीही आलं की बाई आधी वजनकाट्यावर उभं करतात, पट्टा कितव्या भोकात आहे ते बघतात, आणि सगळ्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "शौचाला रंग कोणता?" गेल्या वर्षी एका टपालवाल्याला त्यांनी या एका प्रश्नावर त्याच दिवशी जोंजूला पिटाळलं. तो आज हिंडतोफिरतो आहे, पण बाईंना रस्त्यात बघून अजून लाजतो.

हे भयंकर प्रश्न संपले आणि काही सापडलं नाही, की त्या पेशंटचा हात हातात घेतात आणि अंगठा बघतात. आमच्याकडे अडकलं की घरोघरी एकच उपाय. पाठीवर थोपटायचं, दंडापासून रक्त खाली उतरवत आणायचं, अंगठ्याला दोरा गुंडाळायचा आणि नखाच्या मुळाशी सुई टोचायची. काळपट थेंब आला की ढेकर येतो आणि सगळे म्हणतात, बघ, सुटलं. मी याच्या सक्त विरोधात आहे. पोटाचा आणि अंगठ्याचा काही संबंध नाही हे मी रोज तीनदा सांगते.

"संबंध कसा नाही?" बाई म्हणतात. "तोंड खोटं बोलतं. अंगठ्यावर सगळं लिहिलेलं असतं."

जानेवारीतल्या एका मंगळवारी हाम बोराम आली. वय चौतीस, वरच्या ओढ्याकाठी सोक गुरुजींच्या कागदाच्या कारखान्यात आठ वर्षं काम करणारी. कारखाना म्हणजे गुरुजी, त्यांची बायको, बोराम, झाडाची साल सोलणारी आणि कागद वाळवणारी किलजा, आणि ती साल शिजवायची भट्टी बघणारा दलसू. कागद हिवाळ्यातच चांगला होतो, त्यामुळे या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. तरी ती आली होती, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. हातात दोन वेगवेगळ्या गावच्या दुर्बिणीचे रिपोर्ट होते आणि दोन्हीवर लिहिलं होतं, काही दोष नाही.

"दोष नाही तर मग मी खोटं बोलतेय का?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता.

तिची गोष्ट अशी. दुपारच्या जेवणानंतर पोट फुगून घट्ट होतं, वरच्या बाजूला ताण येतो, ढेकर येत नाही. आणि कागद काढायचा म्हणजे हौदाच्या काठावर पोट टेकून वाकावं लागतं, जाळी पाण्यात बुडवून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवावी लागते. पोट असं झालं की वाकता येत नाही, हात आखडतो, आणि कागद एका बाजूला जाड होतो. गुरुजी तो उजेडात धरतात, काही बोलत नाहीत, पुन्हा लगद्यात टाकतात.

"शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तीन महिने झाले, माझा दुपारचा एक कागद धड नाही. देजॉनला भावाचं मोबाइलचं दुकान आहे. नव्या वर्षाच्या सणाला घरी जाईन ती तिकडेच राहीन. गुरुजींना अजून सांगितलं नाहीये."

सण तीन आठवड्यांवर होता. गुरुजी शहात्तर वर्षांचे, मूल नाही, आणि बोरामशिवाय ती जाळी हलवणारं खोऱ्यात दुसरं कोणी नाही. ती गेली की कारखान्याला कुलूप, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

मी माझी प्रश्नावली काढली. जेवणानंतर जड वाटतं? कधीकधी. आठवड्यातून किती दिवस? एखादवेळ. वाढलेलं जेवण संपवता येतं का?

"संपतं की."

थोड्याच खाण्यात पोट भरतं का, या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं. कागदाप्रमाणे बोराम ठणठणीत होती. वजन तसंच होतं, उलटी नाही, घास अडकत नाही, शौचाचा रंग बाईंनी आधीच खणखणीत आवाजात विचारून घेतला होता. मी आता तिला काळजी करू नकोस असं सांगणार होते, म्हणजे तिसऱ्या डॉक्टरनेही तेच सांगितलं असतं.

योन-सिमबाईंनी तिचा हात ओढून घेतला. "एखादवेळ म्हणालीस ना?"

"हो."

"मग हा अंगठा आहे का चाळणी?"

दोन अंगठ्यांवर मिळून अकरा टोचे होते, त्यातले चार ताजे. बोराम कानापर्यंत लाल झाली.

"कोण टोचतं?"

"किलजाताई. मग मी तिला टोचते."

"तिला कशाला?"

"तिचंही अडकतं. दलसूदादाचंही. जेवण झालं की आम्ही वाळवणाच्या खोलीत जातो आणि एकमेकांना टोचतो. गुरुजींना कळायला नको म्हणून दार लावून घेतो."

मी पेन खाली ठेवलं. बाई मात्र आता रंगात आल्या होत्या. रात्रीचं जेवण? एकटी जेवते, टीव्ही बघत, अर्धा तास, काही होत नाही. रविवारी? काही होत नाही. हे वाढलं कधीपासून? आधी अधूनमधून व्हायचं, शरदातल्या सणानंतर रोजचंच झालं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो माझ्या सदतीसमध्ये नव्हता.

"समज, घर तुझं, वाटी तुझी, समोर कोणी नाही. भात टाकला तरी कोणाला वाईट वाटणार नाही. कितव्या घासाला थांबली असतीस?"

बोराम बोटांवर घास मोजू लागली. तिला हे कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

"सातव्या," ती म्हणाली.

"आणि खातेस किती?"

"वाटीत असेल तेवढे. गुरुजींच्या घरी भात टाकून कसं उठणार?"

मी माझा 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. मी तिला विचारलं होतं की जेवण संपतं का, आणि तिने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. आमच्याकडे मोठ्यांच्या पंगतीत जेवण संपतंच. त्याचा पोटाशी काय संबंध? असल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं, याची मला मनापासून लाज वाटली.

दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो. त्या गुरुवारी योन-सिमबाईंनी मला गाडी काढायला लावली. "दाराला कागद लावायचाय, सोक गुरुजींकडून घेऊ," त्या म्हणाल्या. इकडे जुन्या घरांच्या दारांना काचेऐवजी कागद लावतात, पण त्यांच्या घराची दारं काचेची आहेत हे मला माहीत होतं. आम्ही बरोबर बाराला पोचलो, आणि त्या वेळी पोचलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायची पद्धत कुठे असेल तर असो, इकडे नाही.

खालून तापवलेल्या जमिनीवर बुटकं टेबल. मुळ्याच्या वाळलेल्या पाल्याचं सोयाबीनच्या लगद्यातलं सार, कोबीची आंबवलेली तिखट किमची, वाळवलेला मासा, भाजलेलं समुद्रशेवाळ, आणि प्रत्येकापुढे शिगोशीग भाताची वाटी. गुरुजींनी चमचा उचलला, तशी सगळ्यांनी उचलला. त्यानंतर मी जे पाहिलं त्याला जेवण म्हणायला जीभ रेटत नाही. गुरुजींनी भात सारात ओतला आणि ओढला. किलजाने ओतला, दलसूने ओतला, बोरामने ओतला. कोणी बोलेना, कोणी चावेना. मी गरम मासा निवडत होते तोवर गुरुजींनी चमचा ठेवला, तोंड पुसलं. मी घड्याळ बघितलं तर सहा मिनिटं झाली होती. इतरांचे चमचे ठणाठण खाली आले. मीही घाबरून उरलेला भात तीन घासांत कोंबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

योन-सिमबाई मात्र मासा चवीने चावत होत्या. पाहुणी जेवतेय म्हणून गुरुजींना उठता येईना, गुरुजी बसलेत म्हणून बाकीच्यांना उठता येईना. सगळे बाईंच्या जबड्याकडे बघत होते. त्यांनी आणखी किमची घेतली.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "मागे पोलीस लागलेत का तुमच्या?"

"काय?"

"एवढं भराभर जेवता ते."

दलसूला ठसका लागला. बोरामच्या आठ वर्षांत गुरुजींशी असं कोणी बोललं नव्हतं. गुरुजींनी बाईंकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"मला कसली घाई?" ते म्हणाले. "घाई या पोरांना आहे."

"आम्हाला?" किलजा पुटपुटली.

"नाही तर काय? पहाटेपासून गार पाण्यात हात घालून उभी असतात. एक तास सुट्टी. मी उठेपर्यंत यांना उठता येत नाही. माझ्या तोंडात दात सात. मी म्हातारा चघळत बसलो, तर यांनी पाठ टेकायची कधी? म्हणून मी आटपतो."

किलजाने चमचा हातात घेतला, पुन्हा ठेवला. "गुरुजी, आम्ही तर तुम्ही आटपता म्हणून आटपतो. तुम्ही संपवल्यावर आम्ही चावत बसायचं म्हणजे..."

"म्हणजे?"

"बरं दिसत नाही."

योन-सिमबाईंनी चमचा ठेवला, हात पुढे केला. "गुरुजी, हात बघू जरा."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"कागद करणाऱ्याचा हात कसा असतो ते बघायचंय."

गुरुजींनी हात दिला. पाण्याने फुगलेला, तडकलेला, सुंदर हात होता. बाईंनी अंगठा उजेडाकडे वळवला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. नखाच्या मुळाशी टोचेच टोचे. गुरुजींच्या बायकोने वाकून बघितलं.

"हे कधी केलंत?"

"असंच."

"कुठे?"

"भट्टीच्या मागे," गुरुजी म्हणाले, आणि एकाएकी ते शहात्तरचे न दिसता शाळेतल्या पोरासारखे दिसायला लागले. सुई त्यांच्या टोपीच्या आतल्या शिवणीत खोचलेली होती. बायकोने ती काढून टेबलावर ठेवली.

"मी रोज विचारते भात कसा झालाय, हे रोज म्हणतात छान," ती आमच्याकडे वळून म्हणाली. "आणि मागे जाऊन अंगठे फोडून घेतात. मी मेली समजत होते यांची भूक वाढलीय, म्हणून वाटी आणखी भरत होते."

पहिल्यांदा बोराम हसली. मग दलसू, मग किलजा पोट धरून हसायला लागली, आणि पोट फुगलेलं असल्यामुळे तिला हसताही येईना, त्याचं सगळ्यांना आणखी हसू. एका टेबलाभोवती बसून पाचही माणसं एकमेकांचा मान राखत एकमेकांची पोटं बिघडवत होती. माझ्या सदतीस प्रश्नांत 'समोर कोण बसतं' असा एकही प्रश्न नाही.

बाईंनी गुरुजींनाही विचारलं, कितव्या घासाला. गुरुजींनी खाली बघत सांगितलं, पाचव्या. मग मी माझं काम केलं. वजन, गिळणं, उलटी, सगळं विचारलं, आणि या वयात दुर्बीण टाळता येणार नाही म्हणून त्यांना सोमवारी बोलावलं. ती पुढे स्वच्छ निघाली. बोरामला मी समजावलं की तिचं पोट आजारी नाही. भरल्यावर थांबा म्हणून ते रोज सांगतंय आणि रोज कोणी ऐकत नाही, म्हणून ते रुसतं. काही दिवस पोटातलं अन्न पुढे ढकलणाऱ्या गोळ्या दिल्या. ती मान डोलावत ऐकत होती. देजॉनचं तिच्या मनातून गेलं की नाही, मला कळलं नाही.

परतीच्या वाटेवर माझंच पोट दगड झालं. मी गाडी कडेला घेतली. ढेकर येईना, कपाळावर घाम. योन-सिमबाईंनी जांभळ्या जाकिटातून दोरा आणि सुई काढली आणि हात पुढे केला. मी म्हटलं, याचा काही संबंध नसतो. त्या म्हणाल्या, बरं. मी अंगठा दिला. पुढचं मी इथे सांगणार नाही, कारण अजून रोज तीनदा लोकांना मला तेच सांगायचं असतं.

सणाच्या आदल्या शनिवारी बोराम दवाखान्यात आली. हातात प्रवासाची बॅग आणि कापडात बांधलेला मोठा डबा, गुरुजींच्या बायकोने घरच्यांसाठी दिलेला. बसला अर्धा तास होता. मी रकाने भरले: जेवणानंतर जड, दोन आठवड्यांत तीन दिवस, त्रासही आधीपेक्षा निम्मा. बाईंनी अंगठे बघितले. एकही नवा टोचा नव्हता.

"आता बोल," बाई म्हणाल्या. "बस कुठपर्यंतची? तिकडची एवढीच, का परतीचीही?"

बोराम बाकावर बसली. "आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. निघताना गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, गुरुजी, मला काही बोलायचंय. ते म्हणाले, माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शरदातल्या सणाला भावाने कारखान्यात फोन केला होता, मी कारखाना कधी सोडणार ते विचारायला. फोन गुरुजींनी उचलला होता. मला कधी बोलले नाहीत." तिने डबा मांडीवर ओढला. "म्हणाले, मला वाटलं तू दमून गेलीस. दुपारी तुला जरा जास्त पडायला मिळालं तर कदाचित राहशील. म्हणून तेव्हापासून मी आणखी भराभर जेवायला लागलो."

योन-सिमबाईंनी तोंड फिरवलं आणि औषधांचं कपाट उघडलं. त्या कपाटात त्या वेळी त्यांचं काहीही काम नव्हतं. माझ्याकडे कपाट नव्हतं, मी प्रश्नावलीत डोकं खुपसलं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी बॅग खाली ठेवली," बोराम म्हणाली. "म्हटलं, गुरुजी, सण झाला की बुधवारी मी येतेय. तोवर तुम्ही जरा चावून जेवायची सवय करा."